आच, धग आणि झळ : काहिलीच्या निमित्ताने उष्णता-विनिमयाचे गणित

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता आंबा घाटास लागण्यापूर्वी मलकापुरातून जातो. (बुलढाणा जिल्ह्यातील व कऱ्हाडजवळील मलकापूर ही गावे निराळी. येथे अभिप्रेत आहे ते शाहूवाडी तालुक्यातील, विशाळगड जहागिरीचे एके काळचे ठाणे असलेले मलकापूर.) गावाच्या पश्चिमेस डोंगर, पाऊस आणि भातशेती, पूर्वेस कडवी नदी जसजशी वारणेकडे उतरते, तसतसा उसाचा मुलूख सुरू होतो. पावसाळा सरला, दिवाळी जवळ आली, की या मुलखात चुलवाणे पेटू लागतात. येथला गूळ कोल्हापूरच्या पेठेत जातो. ती शाहूपुरीची पेठ १८९५ साली शाहू महाराजांच्या कारकिर्दीत वसली, आणि कोल्हापुरी गुळास भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली ती २०१४ साली.

रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास उष्णता-विनिमयाचे गणित शिकविताना बहुधा तेलशुद्धीकरण कारखान्यातील नळ्यांच्या जुडग्याचे उदाहरण देतात. ते उदाहरण शास्त्रशुद्ध खरे. परंतु ज्याने असे यंत्र पाहिलेले नाही त्यास त्यातील कोणती संख्या महत्त्वाची आणि कोणती उपेक्षणीय याचा अंदाज येत नाही. काहील मात्र त्याने पाहिलेली असते. खाली ज्वाला, वर रस, आणि मध्ये लोखंडाचा पत्रा : उष्णता-विनिमयाचे याहून उघडे उदाहरण सापडणे कठीण. शिवाय या व्यवसायाची भाषा इतकी काटेकोर आहे, की तिच्याकडे नीट लक्ष दिल्यास अर्धे शास्त्र तिच्यातच हाती लागते.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू. एका आधणास १,००० किलोग्रॅम रस घेतला, आणि त्यात शेकडा १८ भाग घन पदार्थ आहेत असे धरले. मळी काढताना जी तूट येते ती सोडून दिली, तर १८० किलोग्रॅम घन पदार्थांपासून शेकडा ५ ओलावा असलेला सुमारे १८९ किलोग्रॅम गूळ होईल. म्हणजे ८११ किलोग्रॅम पाणी आटविणे प्राप्त आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. रस २८ अंशांपासून ९८ अंशांपर्यंत तापविण्यास, त्याची विशिष्ट उष्णता ३.८ किलोज्यूल धरता, २६६ मेगाज्यूल लागतात. पाणी आटविण्यास, दर किलोग्रॅमास २,२६० किलोज्यूल या दराने, १,८३३ मेगाज्यूल लागतात. शेवटी पाक ९८ वरून ११८ अंशांपर्यंत चढविण्यास जे लागते ते दहा मेगाज्यूलांच्याही आत आहे. एकूण सुमारे २,१०७ मेगाज्यूल.

या बेरजेतील प्रमाण ध्यानात घेण्याजोगे आहे. उकळी येईपर्यंतचा खर्च एकूण खर्चाच्या आठव्या हिश्शाइतकाच. बाकीचे सात हिस्से आटविण्यात जातात. बोलीत या दोन व्यापारांना दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. रस ‘तापतो’ आणि मग ‘आटतो’. पहिल्यात तापमान चढते, दुसऱ्यात ते जवळजवळ स्थिर राहून आकारमान घटते. पाठ्यपुस्तकातील ‘संवेद्य उष्णता’ आणि ‘अप्रकट उष्णता’ यांतील भेद तो हाच. तिसरी पायरी ‘पाक येण्या’ची. तेथे तापमान पुन्हा चढू लागते, कारण द्रावण जितके दाट तितका त्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून त्याची गोळी वळते की नाही हे गुळव्या पाहतो, तेव्हा तो वस्तुतः उत्कलनबिंदूची वीस अंशांची वाढच मोजीत असतो.

आता जळणाची बाजू. चरकातून १,००० किलोग्रॅम रस मिळण्यास, शेकडा ६० उतारा धरल्यास, सुमारे १,६६७ किलोग्रॅम ऊस गाळावा लागतो आणि ६६७ किलोग्रॅम ओली चिपाडे उरतात. त्यांत निम्मे पाणी असते. उन्हात वाळवून ओलावा शेकडा १० वर आणला, तर ३७० किलोग्रॅम जळण हाती येते. दर किलोग्रॅमास १५.५ मेगाज्यूल या हिशेबाने त्यात सुमारे ५,७३५ मेगाज्यूल उष्णता आहे. तेव्हा ज्या गुऱ्हाळास आपलीच चिपाडे नेमकी पुरतात, त्याची उष्णता-कार्यक्षमता शेकडा ३७ इतकी असते. हीच कार्यक्षमता शेकडा २५ वर घसरली, तर त्याच आधणास ५४४ किलोग्रॅम जळण लागेल. म्हणजे १७४ किलोग्रॅमांची तूट, आणि ती लाकूडफाट्याने, पाचटाने किंवा विकतच्या जळणाने भरून काढावी लागेल. गुऱ्हाळ चालविणाऱ्याचा नफा-तोटा पुष्कळ अंशी या एका टक्केवारीवर अवलंबून असतो, आणि ती टक्केवारी कागदावर न मांडताही ‘यंदा चिपाडं पुरली’ किंवा ‘पुरली नाहीत’ एवढ्या वाक्याने त्यास कळते.

चिपाडे ओली जाळली तर काय होते? ओलाव्यातील सुमारे ३०० किलोग्रॅम पाणी चुलवाणातच वाफ होऊन निघून जाते आणि आपल्याबरोबर साडेसातशे मेगाज्यूल नेते. परंतु खरे नुकसान याहून मोठे आहे. कारण ज्वालेचे तापमानच उतरते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे सारा व्यवहार त्या तापमानावर चालतो. म्हणूनच हंगामाच्या आरंभी, हवेत अद्याप दमटपणा असताना, चिपाडे वाळेपर्यंत कामाचा जम बसत नाही.

येथवर उष्णता किती लागते एवढेच पाहिले. ती किती वेगाने पोहोचते हा निराळा प्रश्न होय, आणि विनिमयकाची रचना या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने ठरते. मराठी माणूस उष्णतेविषयी बोलताना तीन शब्द सहज वापरतो : धग, झळ आणि चटका. भट्टीपासून चार हात दूर उभे राहिले तरी लागते ती धग. तापलेल्या वाऱ्याबरोबर येते ती झळ. आणि तापल्या तव्याला बोट लागले की बसतो तो चटका. पाठ्यपुस्तकात यांनाच अनुक्रमे प्रारण, अभिसरण आणि वहन म्हटले आहे. बोलण्यात धग आणि झळ यांची अदलाबदल पुष्कळदा होते हे खरे. तरी ‘वाऱ्याची धग’ किंवा ‘चुलीचा चटका चार हातांवरून बसला’ असे सहसा कोणी म्हणणार नाही. याशिवाय चौथा शब्द आहे ‘आच’. जाळ हा चुलवाणातला. आच ही भांड्याला लागते ती. जाळ मोठा असून आच कमी असू शकते, कारण ज्वाला धुराड्याकडे ओढली जाते. एकक क्षेत्रफळावर एकक वेळात पोहोचणारी उष्णता, म्हणजे शास्त्राच्या भाषेतील ‘उष्णता-प्रवाहाची घनता’, हिला आच याहून नेमका शब्द नाही. परिभाषा घडविणारांनी तो घेतला नाही, याचे नवल वाटते.

ही आच मोजून पाहू. काहिलीचा तळ अडीच मीटर व्यासाचा धरल्यास क्षेत्रफळ ४.९ चौरस मीटर होते. एक आधण तीन तासांत उतरते असे धरले, तर २,१०७ मेगाज्यूल १०,८०० सेकंदांत पोहोचले, म्हणजे सरासरी १९५ किलोवॅट. दर चौरस मीटरला ही आच ४० किलोवॅट होते. काहिलीखालील ज्वाला व वायू यांचे सरासरी तापमान ८०० अंश आणि रसाचे १०० अंश मानले, तर तापमानांतर ७०० अंश. मूळ सूत्र असे आहे : पोहोचणारी उष्णता म्हणजे संक्रमण-गुणांक, क्षेत्रफळ आणि तापमानांतर या तिहींचा गुणाकार. त्यावरून संक्रमण-गुणांक दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे ५७ वॅट येतो.

या ५७ चा व्यस्तांक म्हणजे एकूण विरोध : ०.०१७५. उष्णतेच्या वाटेवर तीन अडथळे आहेत, आणि एकामागे एक जोडलेल्या विद्युत्‌रोधांप्रमाणे त्यांची बेरीज होते. उकळत्या पातळ रसाचा गुणांक ४,००० धरला तर त्याचा विरोध ०.०००२५. चार मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा विरोध ०.००००८. उरलेला सारा, म्हणजे शंभरांतील अठ्ठ्याण्णव हिस्से, वायूच्या बाजूचा. येथे एक समजूत निकालात निघते. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने तांब्याची काहील केल्यास जळण वाचेल, असा तर्क कोणीही करील. पण ज्या पत्र्याचा वाटा दोनशे भागांत एकही भरत नाही, तो पत्रा सोन्याचा केला तरी आधण मिनिटभर आधी उतरेल, यापलीकडे काही होणार नाही. सुधारणा करावयाची ती खालच्या बाजूस. काहिलीच्या बुडाला धातूचे पंख जोडून क्षेत्रफळ वाढविण्याचे प्रयोग भारतात झाले आहेत, ते याच कारणाने योग्य दिशेचे म्हणावे लागतील.

वायूच्या बाजूची आचही मुख्यतः धगीची असते. ८०० अंश तापमानाच्या काळ्या पृष्ठापासून दर चौरस मीटरला सुमारे ७५ किलोवॅट प्रारण निघते. ज्वाला पूर्ण काळी नसते. तिची परिणामी उत्सर्जकता ०.४ मानली, तर काहिलीला ३० किलोवॅटच्या जवळपास मिळतात. उरलेले दहा झळेने येतात. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. ज्वालेचे तापमान ८०० वरून ७०० अंशांवर उतरले, तर १,०७३ आणि ९७३ यांच्या चौथ्या घातांचे गुणोत्तर घेता धग एकतृतीयांशाने घटते. ओल्या चिपाडांनी होणारे खरे नुकसान ते हे. पावणेआठशे मेगाज्यूलांच्या आतील तोटा हिशेबात दिसतो. पण आच मंदावल्यामुळे आधण लांबते, आणि लांबलेल्या वेळात चुलवाणाच्या भिंतींतून व धुराड्यातून उष्णता जातच राहते.

आधणाच्या अखेरीस मात्र हे गणित उलटते. रस दाट होऊन पाक झाला, की त्याची हालचाल मंदावते आणि पत्र्यापासून पाकाकडे जाणारा गुणांक ४,००० वरून ४०० पर्यंत उतरू शकतो. एकूण विरोधात याने फारसा फरक पडत नाही. वायूची बाजू अजूनही प्रबळच आहे, म्हणून आच जवळजवळ पूर्वीइतकीच येत राहते. पण तीच ४० किलोवॅटची आच पातळ रसात जाताना पत्र्याला रसापेक्षा १० अंशच अधिक तापवीत होती. आता ती १०० अंशांनी अधिक तापविते. पाक ११८ अंशांवर, तर पत्रा २१८ वर. या तापमानास साखर करपते, गुळाचा रंग काळवंडतो आणि पेठेत त्याचा भाव पडतो. जाळ वेळेवर ओढून आच १० किलोवॅटवर आणली, तर पत्रा पाकापेक्षा २५ अंशांनीच अधिक तापलेला राहील. गुळव्या चुलवाणात जाळ घालणाऱ्या गड्यास ‘आता जाळ आवर’ म्हणून ओरडतो तो क्षण चुकला तर दिवसभराचे श्रम वाया जातात. त्याच्या हाती तापमापक असतोच असे नाही. बुडबुड्यांचा आकार, फावड्यावरून पाक ओघळण्याची रीत आणि वास यांवरून तो पत्र्याचे तापमान ओळखतो, आणि पत्र्याचे तापमान कोणत्याही सामान्य तापमापकाने सहज मोजता येत नाही हेही येथे सांगितले पाहिजे.

धुराड्यातून जाणाऱ्या वायूंचे काय? पाचशे-साडेपाचशे अंशांचे वायू मोकळे सोडणे म्हणजे जळणाचा मोठा हिस्सा आकाशास अर्पण करणे होय. याच वाटेवर दुसरी काहील बसवून तिच्यात पुढच्या आधणाचा रस तापवून ठेवला, तर २६६ मेगाज्यूलांचा तो आठवा हिस्सा फुकट मिळतो आणि सुमारे ४७ किलोग्रॅम चिपाडे वाचतात. एवढ्यासाठी वायूंचे तापमान पन्नास-पंचावन्न अंशांनी उतरले की पुरे. दोन किंवा अधिक काहिलींची चुलवाणे हे साधतात. परंतु धुराड्यातील वायू अतिशय थंड झाल्यास ओढ कमी होते आणि चुलवाणात हवा पुरेशी येत नाही, म्हणून या बचतीला मर्यादा आहे.

तथापि सर्वांत मोठा तोटा याहून वेगळा आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो. काहिलीवरून उठणाऱ्या पांढऱ्या वाफेत १,८३३ मेगाज्यूल निघून जातात. ती वाफ पुन्हा कामास लावता येईल काय? वाफ ९८ अंशांची. तिने दुसरा रस उकळवावयाचा तर तो ९८ हून कमी अंशांवर उकळला पाहिजे, म्हणजे बंद भांड्यात हवेचा दाब कमी केला पाहिजे. ही युक्ती न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेल्या नॉर्बर्ट रिल्यू यांनी सिद्ध केली. त्यांची एकस्वे १८४३ व १८४६ सालची. पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी चार भांडी जोडली, की एक किलोग्रॅम वाफेत जवळजवळ चार किलोग्रॅम पाणी आटते. साखर कारखान्यांत आज हीच रचना असते. कामगार त्या भांड्यांना नुसते ‘बॉडी’ म्हणतात. ही बचत मात्र फुकट नाही. पहिल्या भांड्याची वाफ ११२ अंशांची आणि शेवटच्या भांड्यातील रस ५८ अंशांवर उकळणारा, म्हणजे उपलब्ध तापमानांतर अवघे ५४ अंश. ते चौघांत वाटले की प्रत्येकास तेरा-चौदा अंश मिळतात, आणि प्रत्येक भांड्याचे क्षेत्रफळ त्या मानाने वाढवावे लागते. जळणात जे वाचते ते धातूत खर्च होते. गुऱ्हाळास हे परवडत नाही, आणि त्याहून मोठी अडचण अशी, की बंद भांड्यातील रस दिसत नाही व त्याची मळी काढता येत नाही. कारखान्यात रस आटविण्यापूर्वीच निवळून घेतात. गुऱ्हाळात निवळणे, आटविणे आणि पाक करणे ही तिन्ही कामे एकाच उघड्या काहिलीत होतात.

रस निवळण्यापूर्वी कारखान्यात तो ज्या यंत्रात तापवितात त्यास ‘ज्यूस हीटर’ म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत हा ‘उष्णता-विनिमयक’. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाली आणि त्यानंतर शास्त्रीय परिभाषेचे काम संघटितपणे चालू झाले, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ‘विनिमय’ या शब्दाने विद्यार्थ्याची थोडी फसगत होते. विनिमयात देणे-घेणे दुतर्फा असते. येथे उष्ण द्रव देतो आणि शीत द्रव घेतो, उलट काही येत नाही. ‘संक्रामक’ म्हणावे तर साथीच्या रोगाची आठवण होते. तेव्हा विनिमयक हाच शब्द ठेवावा, मात्र शिकविताना तो एकेरी व्यवहार आहे एवढे बजावून सांगावे.

दिवसाला २,५०० टन ऊस गाळणारा एक कल्पित कारखाना घेऊ. रस उसाच्या वजनाइतकाच धरल्यास सेकंदास २८.९ किलोग्रॅम रस येतो. तो ७० वरून १०२ अंशांपर्यंत तापवावयाचा आहे, आणि नळ्यांबाहेर ११२ अंशांची वाफ आहे. लागणारी उष्णता सुमारे ३,५१८ किलोवॅट. तापमानांतर प्रवेशाशी ४२ अंश, निर्गमाशी १० अंश. यांचा साधा मध्य २६ येतो, पण तो घेणे चूक आहे. कारण रस जसजसा तापतो तसतसे अंतर झपाट्याने घटत नाही, उत्तरोत्तर मंद गतीने घटते, आणि म्हणून अल्प अंतराचा पल्ला लांब असतो. येथे लघुगणकीय मध्य घ्यावयाचा : ३२ ला ४.२ च्या नैसर्गिक लघुगणकाने भागले असता २२.३ अंश. संक्रमण-गुणांक ८०० धरून क्षेत्रफळ १९७ चौरस मीटर होते. साधा मध्य घेणारा अभियंता १६९ चौरस मीटरांवर थांबेल, आणि त्याच्या यंत्रातून रस १०२ ऐवजी शंभराच्याही किंचित आतच बाहेर पडेल.

हे झाले रचनेचे गणित. यंत्र उभे राहिल्यावर कार्यमानाचे गणित सुरू होते, आणि त्यात क्षेत्रफळ ठरलेले असून निर्गम-तापमान शोधावयाचे असते. नळ्यांच्या आत क्षारांचा थर बसतो, त्यास कारखान्यात ‘स्केल’ म्हणतात. त्याचा विरोध ०.०००७५ एवढा झाला, तर एकूण विरोध ०.००१२५ वरून ०.००२ होतो आणि गुणांक ८०० वरून ५०० वर येतो. गुणांक व क्षेत्रफळ यांचा गुणाकार रसाच्या उष्णताधारकतेने भागला असता ०.९ ही संख्या मिळते. तीवरून निर्गमाशी १० ऐवजी १७ अंशांचे अंतर उरते. रस ९५ अंशांवरच बाहेर पडतो. तो उकळत नाही, त्यातील विरघळलेली हवा सुटत नाही, आणि निवळणीच्या टाकीत हवेचे बुडबुडे चिकटलेला गाळ खाली बसेनासा होतो. नळ्या घासून वा दाहक सोड्याने धुऊन काढीपर्यंत हे चालू राहते. म्हणून एक हीटर धुण्यास काढता यावा यासाठी जादा हीटर ठेवण्याची पद्धत आहे.

आता हाच ०.०००७५ विरोधाचा थर काहिलीत आतून बसला असे मानू. तेथे एकूण विरोध ०.०१७५ वरून ०.०१८२५ होईल, म्हणजे आचेत शेकडा चारांचाच फरक. जो थर कारखान्यात दैना उडवितो, तो गुऱ्हाळात फारसा जाणवणारही नाही. काहिलीच्या बुडाची काजळी मात्र वेगळी. भुसभुशीत काजळीची वाहकता ०.१ वॅटच्या आसपास मानली, तर एक मिलिमीटर थराचा विरोध ०.०१ होतो आणि आच जवळजवळ दोनतृतीयांशावर येते. आतून चकचकीत घासलेली काहील बाहेरून काळी ठेवणे ही काटकसर नव्हे. बुडाची काजळी खरवडण्यास काहील उतरवावी लागते आणि त्यास चार गडी लागतात. ३७० किलोग्रॅम चिपाडांच्या हिशेबात त्या चौघांची मजुरी किती आधणांत भरून निघते, हे ज्याचे त्याने आपल्या चुलवाणाशी मांडून पाहावयाचे आहे.